ओमाहाची तोंडी परीक्षा

जयराम सरांनी ओमाहा शहराचा अभ्यास सुरू केला, त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीला, हर्षालीला, सहावा महिना लागला होता. या दोन घटनांचा परस्परसंबंध कोणालाही कळू नये, हेच त्या अभ्यासाचे उद्दिष्ट होते.

हर्षाली आणि जावई ललित अमेरिकेतल्या त्या शहरात राहत. डिसेंबरात बाळंतपण होते आणि त्या वेळी आई जवळ असावी, एवढीच तिची इच्छा होती. व्हिसासाठी सर आणि त्यांच्या पत्नी चतुराबाई या दोघांना मुंबईला मुलाखत द्यायची होती. ही वार्ता इंदिरानगरातल्या त्यांच्या सोसायटीत पसरताच वरच्या मजल्यावरचे दिनेश चहाला आले.

"सर, बाळंतपण हा शब्दच काढायचा नाही. काढला की खलास. फिरायला चाललोय म्हणायचं. मग ते शहराबद्दल खोदून खोदून विचारतात. तिथं अडखळलात की गेला व्हिसा."

"असं किती जणांचं झालंय?" सरांनी विचारले. तीस वर्षे चांदवडला पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न आपोआप सुचतो.

"माझ्या साडूच्या शेजाऱ्यांचं."

एक ऐकीव उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे, हे सरांना ठाऊक होते. ग्रहशांती करणाऱ्या नातलगांना ते आयुष्यभर याच एका वाक्याने गप्प करत आले होते. परंतु अंदाज चुकला तर त्याचा परिणाम आपल्याला नव्हे, हर्षालीला सोसावा लागेल, असे मनात येताच त्या वाक्यातला जोर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिले: 'ओमाहा. स्थापना, भूगोल, प्रेक्षणीय स्थळे.'

चतुराबाईंची उजळणी भाजी निवडताना होई.

"स्थापना?"

"अठराशे चोपन्न."

"नदी?"

"मिझुरी. गाव पश्चिमेच्या काठाला. आपल्या इथल्या गंगेसारखं दोन्ही काठांना नाय. अहो, पोरीचे पाय सुजलेत म्हणत होती. कमी झाले का विचारा की."

"विषयांतर नको. व्यापार?"

"रेल्वे आणि गुरांचा बाजार. एके काळी जगात सगळ्यात मोठा. हे मात्र माझ्या बरोब्बर ध्यानात राहतं."

"प्रेक्षणीय स्थळे?"

"प्राणिसंग्रहालय. त्यात भला मोठा घुमट, अन् त्याच्या खाली वाळवंट." चतुराबाईंचा हात मेथीच्या जुडीवर थांबला. "एवढी वाळू मुद्दाम घरात नेऊन टाकली? नांदगावला आम्ही उन्हाळाभर ती झाडून बाहेर काढायचो."

अभ्यासाला तर्कशुद्ध शिस्त हवी, म्हणून सरांनी पुढची पावले टाकली. घरात बोलले जाते ते मुलाखतीच्या खिडकीसमोरही तोंडातून निसटू शकते. तेव्हा घरात बाळंतपणाचा उच्चार बंद झाला. डिंकाच्या लाडवांचे सामान माळ्यावर गेले. अर्धवट विणलेले टोपडे सरांनी स्वतः कपाटात ठेवले. पर्यटक टोपडी विणत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. हर्षालीचा फोन आला तरी आता तिला माहितीचा स्रोत म्हणूनच वागवले जाई.

"दोन राज्यांना जोडणारा तो पादचारी पूल आहे ना, नेमका किती लांब आहे?"

"पप्पा, मी तो पाहिलाच नाहीये. मला दहा मिनिटं उभं राहवत नाही हो."

"बरं. मग नऊशे मीटर लिहितो."

मुलाखतीच्या दिवशी खिडकीपलीकडे एक तरुण अधिकारी बाई होत्या आणि शेजारी मराठी दुभाषी. सर इंग्रजीतून बोलले. प्रयोजन पर्यटन, हे सांगून त्यांनी इसवी सन अठराशे चोपन्नपासून आरंभ केला आणि रेल्वेपर्यंत पोहोचले, तेव्हा बाईंनी त्यांना थांबवले.

"किती दिवस राहणार?"

"पाच महिने. डिसेंबरपासून."

"डिसेंबरात पर्यटन? तिथे उणे वीस असतं."

"क्वचित. सरासरी इतकी खाली जात नाही," सरांनी दुरुस्ती केली.

"तिथे कोणी नातेवाईक आहेत?"

"मुलगी आहे. योगायोगाने."

बाईंनी दुभाष्याला काहीतरी सांगितले. तो चतुराबाईंकडे वळला. "मावशी, तिथं गेल्यावर सगळ्यात आधी काय बघणार?"

स्थळे क्रमवार पाठ होती; आधी कोणते, हे वहीत नव्हते. चतुराबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. सर काचेकडे पाहत होते.

"पोरीचं पोट," त्या म्हणाल्या. "कितपत खाली उतरलंय ते. पहिलटकरीण हाय ती. जावई कामावर गेले की तिकडं तिला कोण हाय?"

भाषांतर ऐकून बाई प्रथमच हसल्या. "मग यांनी हे का नाही सांगितलं?"

"त्यांना काय बी विचारा, ते स्थापनेपासनं सुरू करतात."

चतुराबाईंचा पासपोर्ट व्हिसाच्या शिक्क्यासाठी आत राहिला. सरांचा, एका छापील कागदासह, बाहेर आला. हवे तर पुन्हा अर्ज करता येईल, असे दुभाषी मृदूपणे म्हणाला.

परतीच्या गाडीने कसारा मागे टाकला. मग चतुराबाईंनी पिशवीतून वही काढून सरांच्या मांडीवर ठेवली.

"आता मला एकटीला जायचंय. नीट सांगा. पोरीच्या घरापासनं दवाखाना किती लांब?"

सरांनी बासष्ट पाने उलटली. नव्हते.

"घराला पायऱ्या किती?"

तेही नव्हते. शहराच्या स्थापनेपासून आजपर्यंतची माहिती होती. त्या शहरात त्यांची मुलगी राहते, ही गोष्ट तेवढी नोंदवायची राहून गेली होती.

इगतपुरी आल्यावर मोबाइलला रेंज मिळाली. तिकडे सकाळ झाली होती.

"पप्पा, मिळाला?"

"आईला मिळाला."

"आणि तुम्हाला?"

"माझी तयारी जरा जास्त झाली." सरांनी कोरे पान उघडले. "दवाखाना किती लांब आहे तुझ्यापासून?"

"गाडीनं चार मिनिटं."

"पायऱ्या?"

"अकरा. पप्पा, मापं कशाला घेताय?"

सरांनी दोन्ही आकडे लिहिले, अधोरेखित केले आणि पेनाचे टोपण लावले.

"तुला भीती वाटते का गं?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. सरांनी वहीची पाने उलटली. यानंतर काय विचारायचे असते, ते तिच्यात नव्हते.

चतुराबाईंनी हात पुढे केला. "आणा तो फोन इकडं. पुढचं माझं पाठ हाय."