पडवळअण्णांचे टॅग

लोक खिशाला पेन लावतात, पडवळअण्णा व्हर्नियर लावतात. व्हर्नियर म्हणजे कारखान्यात जाडी-रुंदी मोजायचं स्टीलचं माप. आमच्या सोसायटीत एका बारशाला त्यांनी ते ताटातल्या मेदूवड्याला लावलं आणि वाढणाऱ्याला सांगितलं, "भोक सेंटरला न्हाई. दोन एमएमनं सरकलंय." त्याने घाबरून दुसरा वडा वाढला. अण्णांनी तोही मोजला. मग दोन्ही खाल्ले.

चाकणच्या एका कंपनीत ते बत्तीस वर्षं क्वालिटीला होते. आता रिटायर होऊन थेरगावात आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. मी स्वतः चाकणलाच एका कंपनीत परचेसला आहे, त्यामुळे क्वालिटीवाल्यांची मला सवय आहे. पण कंपनीतले निदान शिफ्ट संपली की घरी जातात.

आमच्या क्लबहाऊसमध्ये दर शनिवारी ऋजुता जंक जर्नलचा क्लास घेते. ती आयटीत आहे आणि हा तिचा छंद. जंक जर्नल म्हणजे टाकाऊ कागदांची हाताने शिवलेली वही. जुनी पाकिटं, तिकिटं, साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, काहीही चालतं. पानांना खिसे करायचे आणि खिशांत टॅग खोचायचे. टॅग म्हणजे दोन बोटं रुंदीची पट्टी, वरचे कोपरे तिरके कापलेले, मधे भोक, भोकात रिबीन. त्यावर लेस लावा, बटण लावा, फूल चिकटवा. मी जाते, कारण तेवढे दोन तास मला कोणी कोटेशन विचारत नाही.

आम्ही चौदा बायका. एका शनिवारी अण्णा दारातून डोकावले, आत आले, टेबलावरचा एक टॅग उचलला आणि भोकावरून नख फिरवलं.

"बर आलाय."

"काय आलंय?" ऋजुताने विचारलं.

"बर. पंचाला धार न्हाई, म्हणून कडा उचलती. कुणाच्या तरी बोटाला लागंल."

पुढच्या शनिवारी ते भोक पाडायचा स्वतःचा पंच, पॉलिश पेपर आणि बिस्किटांचे तीन रिकामे डबे घेऊन पहिल्या खुर्चीवर बसले होते. डब्यांवर चिठ्ठ्या होत्या: पास, रिवर्क, रिजेक्ट. महिन्याभरात रिजेक्टचा डबा दोनदा भरला. पासच्या डब्यात चार टॅग होते.

हे त्यांनी स्वतःच्या कामापुरतं ठेवलं असतं तर प्रश्न नव्हता. पण दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीबाईंनी तीन दिवस खपून क्रोशाची झालर लावलेला टॅग वाळत ठेवला होता, त्याच्या कोपऱ्यावर अण्णांनी लाल स्केचपेनने फुली मारली. जोशीबाई उभ्याच राहिल्या.

"अहो, हे काय केलंत?"

"रिजेक्टला लाल खूण लागतीच. न्हाईतर चुकून चांगल्या मालात जातंय."

"कोणी सांगितलं रिजेक्ट आहे म्हणून?"

"झालर एका बाजूनं जास्त हाय. तुमीच मोजा," म्हणून त्यांनी व्हर्नियर पुढे केलं. जोशीबाई दोन शनिवार आल्या नाहीत.

मग त्यांनी प्लायवूडचा एक साचा केला. त्यात कागद सरकवला की भोक नेमक्या जागी पडायचं. ऋजुता वैतागली. "काका, प्रत्येक टॅग वेगळा असायला हवा, त्यातच तर गंमत आहे."

"वेगळा म्हंजे किती वेगळा? ड्रॉइंग कुठाय?"

ड्रॉइंग नव्हतं. अण्णांनी मान हलवली, जशी एखाद्या बुडीत कारखान्याबद्दल हलवतात.

पण टॅग फार सुरेख करायचे. त्यांच्या त्या जाड बोटांतून ते निघायचे यावर विश्वास बसत नसे. कागद चहाच्या पाण्यात बुडवून ते असा जुना, तांबूस रंग आणायचे की आम्ही विचारायचो कसं जमतं. उत्तर यायचं, "वीस मिन्टं. साखर न घालता."

सगळ्यात आवडता कच्चा माल म्हणजे लग्नपत्रिका. माझ्या ऑफिसातल्या सगळ्यांना मी सांगून ठेवलं होतं, आणि शुक्रवारी माझ्या पर्समध्ये जेवणाच्या डब्याशेजारी पत्रिकांचा गठ्ठा असायचा. अण्णा पत्रिकेवरचा गणपती कधी कापत नसत, तो वेगळ्या पाकिटात जायचा. आणि कात्री लावण्याआधी प्रत्येक पत्रिका वरपासून खालपर्यंत वाचायचे. कुठल्या गावचे, कोणाची मुलगी, मामा कोण. मला वाटलं, तपासणीची खोड.

त्यांच्या मंदाकाकूंनी एकदा भाजी निवडता निवडता खरं सांगितलं. अण्णांचा धाकटा भाऊ तानाजी चाकणकडच्या गावात असतो. चिंचेखालच्या जमिनीवर भाड्याचे गाळे बांधायचे की नाही, यावरून दोघांचं वाजलं. गाळे झाले, अण्णा गाव सोडून थेरगावात आले, आणि सहा वर्षं बोलणं नाही. काकूंना मूलबाळ नाही. तानाजीची कोमल यांच्याच मांडीवर वाढली. आता तिचं लग्न ठरल्याचं कुणाकडून तरी कळलं होतं.

"ही वही करत्यात ना, ती तिलाच द्यायची हाय," काकू म्हणाल्या. "तिचा बसचा पास, जत्रंतल्या पाळण्याचं तिकीट, समदं जपून ठिवलंय त्यांनी. पर बोलावल्याबिगर जायाचं न्हाई म्हणत्यात. आन् पत्रिका काय येईना."

पुढच्या शनिवारी मी नेहमीसारखा गठ्ठा दिला. आमच्या कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरकडे एकाच लग्नाच्या तीन पत्रिका आल्या होत्या, त्याच्या वडिलांना, भावाला आणि त्याला. त्याने एक मला दिली होती. अण्णा ती वाचू लागले आणि थांबले. बराच वेळ झाला तरी कात्री उचलेनात. काकू त्या दिवशी चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनी पत्रिका ओढून घेतली.

"अवो, ही तर आपल्या कोमलची!" त्या मोठ्याने वाचू लागल्या. "'श्री. सोपान पडवळ यांची पुतणी व श्री. तानाजी पडवळ यांची कन्या...' तुमचं नाव पैलं हाय. खाली निमंत्रकात बी पैलं तुमीच."

"छापावंच लागतं," अण्णा म्हणाले. "थोरल्याचं नाव वगळलं तर भावकी तोंडात शेण घालंल. पर मला एक पत्रिका धाडली का त्यानं?"

आता मला राहवेना. "अण्णा, निमंत्रकाला कोण पत्रिका धाडतं? तुमचं नाव खाली आहे म्हणजे बोलावणारे तुम्ही. आमच्याकडे ज्याच्या सहीने ऑर्डर जाते, त्यालाच कोणी ऑर्डर पाठवत नाही."

"ऐका," काकू म्हणाल्या. "त्यो तिकडं म्हणत आसंल, घरचा माणूस, कार्य तोंडावर आलं तरी अजून कसा आला न्हाई."

अण्णा पत्रिका घेऊन उठले आणि क्लास संपायच्या आधीच निघून गेले. तीनही डबे टेबलावर उघडेच राहिले. ते ऋजुताने झाकले.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात अण्णा, डोक्याला पांढरी टोपी, अंगात इस्त्रीचा शर्ट. मागे काकू, हातात कुंकवाचा करंडा आणि अक्षतांची वाटी. काकूंनी मला कुंकू लावलं.

"ताई, पुतणीचं लगीन हाय," अण्णा म्हणाले. "घरचं कार्य. समद्यांनी यायचं. आमी चार दिस आधीच जातोय, मांडवाचं बगाया लागंल."

"भावाशी बोलणं झालं?"

"तिथं गेल्यावर हुईल की. कार्याच्या घरात कुणी मुकं बसतंय व्हय?"

त्यांनी पत्रिका माझ्या हातात दिली. मी ती घेऊन आत ठेवायला वळले.

"न्हाई, न्हाई. हितंच वाचा आन् परत द्या. एकच हाय."

"अजून अकरा घरं व्हायचीत," काकू म्हणाल्या. "जोशीबाईंकडं बी जायाचंय."

मी दारात उभी राहून वाचली आणि परत दिली. मुहूर्त दहा दिवसांनी दुपारचा होता आणि वार बुधवार. सोमवारी कंपनीत गेल्यावर आधी रजेचा अर्ज टाकला, मग संगणक उघडला.