चौथ्या खोलीचा रेडिएटर

फुकट मिळालेली वस्तू शेवटच्या थेंबापर्यंत वापरणे हे सुसंस्कृत मनुष्याचे आद्य कर्तव्य आहे. ती कमी वापरणे म्हणजे देणाऱ्याचा अपमान आणि अजिबात न वापरणे म्हणजे माज. हेमचंद्र हे कर्तव्य दुबईत गेली नऊ वर्षं बजावत होता.

इंटरनॅशनल सिटीच्या अलीकडे त्याचं भाड्याचं घर होतं आणि ते 'चिलर फ्री' होतं. म्हणजे घर थंड ठेवण्याचं बिल मालकाने भरायचं आणि भाडेकरूने फक्त गारठायचं. पॅसेजमधला थर्मोस्टॅट पहिल्या दिवशी अठरावर लावला, तो आजतागायत तिथेच होता. (यंत्र सोळापर्यंत जातं, पण हेमचंद्रला हाव नव्हती.) तो, त्याची बायको विभावरी आणि मुलगी मिहिका घरात स्वेटर घालत आणि बाहेर पडताना काढून ठेवत.

घरात आणखी एक सोय होती. मालकाने इमारतीचा नकाशा कुठल्याशा बर्फाळ देशातून जसाच्या तसा आणला होता. त्यामुळे स्वयंपाकघरामागे विजेचा बॉयलर होता, भिंतींतून गरम पाण्याचे पाइप फिरले होते आणि खिडक्यांखाली लोखंडी रेडिएटर होते. हॉलमध्ये दोन, दोन बेडरूममध्ये एकेक. नऊ वर्षांत त्यांच्यावर फक्त टॉवेल वाळले होते. चौथ्या खोलीत मात्र रेडिएटर नव्हता, कारण मूळ नकाशात ती कोठीची खोली होती आणि बटाट्यांना थंडी वाजत नाही.

मे महिन्यात हेमचंद्रचे वडील विलासराव पुण्याहून आले आणि या चौथ्या खोलीत राहू लागले. हेमचंद्रची आई कुंदाताई वारल्यापासून ते एकटेच होते. हेमचंद्रला ते कायमचे आपल्याजवळ हवे होते. हे त्याला मनापासून वाटत होतं, त्यात थट्टेसारखं काही नाही.

विलासराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, तक्रारी ऐकून घेण्याची सवय असलेले, करण्याची नसलेले. पहिल्या दिवशी त्यांनी शाल घेतली, तिसऱ्या दिवशी कानटोपी चढवली. नवव्या दिवशी म्हणाले, "हेमू, हे जरा कमी करता येतं का रे?"

"बाबा, चिलर फ्री आहे."

"हो. पण कमी करता येतं का?"

"अहो बाबा, फ्री आहे."

मिहिकाने पुस्तकातून मान वर न करता सांगितलं, "डॅड, जस्ट प्रेस द अप ॲरो." परदेशात वाढलेल्या मुलांवर संस्कार राहत नाहीत, हे हेमचंद्रच्या पुन्हा एकदा लक्षात आलं.

बाराव्या दिवशी विलासराव म्हणाले, "माझं परतीचं तिकीट बघून ठेव." हेमचंद्रने वडिलांचे दोन्ही हात हातात घेतले (ते बर्फासारखे होते) आणि शब्द दिला, की महिन्याभरात तुमच्या खोलीत रेडिएटर बसवतो, तोवर थांबा. विलासराव थांबले.

इमारतीच्या ऑफिसात उझमा मॅडम बसत.

"सर, हीटिंग? मे में?"

"फादर को ठंड लगती है."

उझमा मॅडमनी नवल केलं नाही, फॉर्म दिला. सोबत जोडायचं होतं ते असं: भाडेकराराची प्रत, एमिरेट्स आयडी, वडिलांचा व्हिसा, वडिलांना थंडी वाजते असं डॉक्टरचं पत्र, आणि वडिलांचा फोटो (पार्श्वभूमी पांढरी, कानटोपी काढलेली). 'अन्य उपाय करून पाहिले आहेत काय?' या रकान्यात हेमचंद्रने प्रामाणिकपणे लिहिलं, 'होय. शाल.'

परवानगी एकोणीस दिवसांत आली. दरम्यान तो रास अल खोरच्या गाड्यांच्या बाजारात रेडिएटर शोधत फिरला. अकरा दुकानांपैकी नवांनी गाडीचं मॉडेल विचारलं, एकाने चहा पाजला आणि एकाकडे खरोखरच एक निघाला. दुकानदाराने त्याच्यासोबत झैद नावाचा प्लंबरही दिला. झैदने हे काम पूर्वी क्वेट्टाला केलं होतं, जिथे त्याची गरज असते.

आधी पूर्ण यंत्रणेतलं पाणी काढायचं, मग जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाइपला एकेक फाटा जोडायचा, पुन्हा पाणी भरायचं आणि छोट्या किल्लीने आतली हवा सोडायची. विलासराव बादली धरून उभे राहिले. "हळू भर. हवेला निघायला वेळ दे," ते झैदला म्हणाले, आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. तीस वर्षं कालवे भरलेला माणूस, पाणी दिसलं की खुलायचाच.

जाताना झैदने हळूच विचारलं, "हबीबी, एसी थोडा कम कर दो ना. खलास."

"भाई, चिलर फ्री है."

झैदने पाना पिशवीत टाकला आणि सलाम करून निघाला.

रेडिएटर उत्तम चालला. चौथी खोली अठ्ठावीसवर गेली. पण थर्मोस्टॅट तिच्या दाराबाहेरच होता. त्याला वाटलं, घर तापलं. तो इमानाने गार हवा सोडत राहिला आणि हॉल चौदावर आला. विभावरीने दातांवर दात आपटत बाकीचे चार रेडिएटर लावले. आता घर सगळीकडून तापू लागलं, म्हणून यंत्र सगळीकडून गार करू लागलं. माणसांचे पाय भाजत आणि नाकं गोठत. बॉयलरच्या विजेचं बिल अठराशे चाळीस दिरहम आलं, म्हणजे बेचाळीस हजार रुपये. हेमचंद्रने ते अभिमानाने भरलं, कारण गारवा अजूनही फुकटच होता. मराठी मंडळातली सहा कुटुंबं सोय पाहून गेली. चौघांनी फॉर्म नेले.

एका दुपारी विलासराव घरात सापडेनात. हेमचंद्र घाबरून खाली धावला. ते पार्किंगमध्ये वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. बाहेर त्रेचाळीस अंश होते. स्वेटर मांडीवर, कानटोपी खिशात, कपाळावर घाम.

"बाबा, अहो इथे काय करताय?"

"बसलोय. बरं वाटतंय रे."

"घरात चला. रेडिएटर आहे ना तुमच्यासाठी."

"आहे की. फार केलंस माझ्यासाठी." विलासरावांनी त्याच्या हातावर थोपटलं. "तेवढं तिकीट बघ आता."

गुरुवारच्या विमानाने ते गेले. हेमचंद्र विमानतळाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडला. एवढा खर्च केला, एवढे कागद जमवले, तरी बाबांना काय कमी पडलं, हे त्याला अजूनही समजलेलं नाही.

वाचक हसला असेल. जरूर हसावं. फक्त आपल्याच घरात काल दुपारी पंखा पाचवर फिरत असताना, कोपऱ्यातल्या खाटेवरून कोणीतरी "जरा एकवर करतोस का?" असं विचारलं होतं. तेव्हा वाचक तत्परतेने उठला, कपाट उघडलं, आणि त्यांच्या अंगावर आणखी एक चादर घालून पुन्हा पंख्याखाली येऊन बसला.