खारुताईचं खातं

विद्यापीठाच्या संगणक लॅबचे नियम मला कोणी शिकवू नयेत. ते मी लिहिले आहेत. सव्वीसच्या सव्वीस. सत्तावीस वर्षं मी त्या लॅबची प्रमुख होते आणि माझ्या काळात तिथे डास शिरला तरी तो रजिस्टरमध्ये सही करून शिरायचा.

निवृत्त झाले, नऊ वर्षं घरात बसले, कंटाळले आणि सदुसष्टाव्या वर्षी त्याच विद्यापीठात इतिहासाच्या एम.ए.ला नाव घातलं. चौसष्ट पानांचा प्रबंध लिहिला, विषय शहरातली बंद पडलेली घड्याळं. दोन वर्षं मी जिने चढून मनोऱ्यांवर गेले, गुडघ्यांना न विचारता. तो प्रबंध पाठवण्याची मुदत त्या दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती.

"आजी, शेवटच्या दिवसावर काय ठेवतेस?" नात म्हणाली. तीही तिथेच शिकते. "मी मागच्या आठवड्यातच पाठवला."

"तुझ्या आईचे दुधाचे दात पडत होते तेव्हापासून मी ती लॅब चालवलीये," मी म्हटलं. "पाच मिनिटांचं काम."

प्रबंध लॅबमधूनच पाठवायचा, तोही स्वतःच्याच विद्यार्थी-खात्यावरून. नियम क्रमांक सतरा. मुलं एकमेकांच्या खात्यावरून नको ते पाठवायची, म्हणून मीच घातला होता.

दोन वाजता मी लॅबच्या दारात उभी राहिले. दारात कुलूपकाका. हा माझा जुना मदतनीस, एकोणीस वर्षं माझ्या हाताखाली होता. आता लॅब तोच बघतो. कमरेला चार किल्ल्या आणि कुठलंही कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायची सवय, म्हणून मुलांनी हे नाव ठेवलं. सवय मी लावलेली.

"बाई, पाण्याची बाटली," त्याने हात पुढे केला.

"मला तीनला गोळी घ्यायची असते."

"तीनला बाहेर येऊन घ्या. नियम चार."

बाटली दिली. मनातून बरंही वाटलं. शिस्त टिकली आहे, म्हटलं.

आत प्रिंटरपुढे सतरा-अठरा मुलांची रांग. प्रबंधाची छापील प्रतही त्याच दिवशी द्यायची होती ना. एक उंच मुलगी प्रिंटरच्या पोटात हात घालून वैतागली होती. "खारुताई परत अडकली. हिला एक ठेवून दिल्याशिवाय ही हलायची नाही."

मी जागच्या जागी थांबले. मला खारुताई म्हणणारं माणूस जगात एकच होतं. मी घरभर वस्तू साठवून ठेवते म्हणून आमचे हे मला तसं म्हणायचे, तेही दार लावून. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली. मी वळून पाहिलं, पण माझ्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. मुलीने प्रिंटरला एक चापट मारली आणि प्रिंटर सुरू झाला.

असतील कोणाच्या घरी आणखी खारुताया, म्हणत मी संगणकापुढे बसले. नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पडद्यावर लाल चौकट आली: "आपले खाते बंद करण्यात आले आहे. नियम क्रमांक नऊ."

नऊ मला पाठ आहे. एका व्यक्तीचे एकच खाते. दोन आढळल्यास जुने राहील, नवे बंद होईल.

"अरे, माझं दुसरं खातं कुठलं?" मी कुलूपकाकाला विचारलं.

तो किल्ल्या चाचपू लागला. माणूस किल्ल्या चाचपायला लागला की समजावं, पाणी मुरतंय. "बाई, कालपासून नवी व्यवस्था आलीये. ती दुहेरी खाती शोधते. तुमचं ते जुनं प्रमुखाचं खातं आहे ना…"

"ते अजून चालू आहे? नोकरी सोडणाऱ्याचं खातं त्याच दिवशी बंद करायचं, हा नियम आहे!"

"आहे ना. पण ते बंद करायचं काम लॅबप्रमुखाचं. त्या दिवशी प्रमुख तुम्ही होता. तुम्ही सगळ्यांची केलीत, फक्त…"

फक्त स्वतःचं राहिलं. त्या दिवशी सगळ्यांनी फुलं दिली होती, मी रडत होते. त्यात कोणाला खातं आठवणार?

"बरं. मग आता कर बंद. खातेदार समोर उभी आहे."

"अर्ज लागेल. आणि तीन दिवस."

"तीन दिवस कोणी घातले?"

"तुम्हीच. आधी एक होता."

हेही खरं. मुलांना जरा तंगवायला म्हणून मी तीन केले होते. पण मीही काही कच्ची नव्हे. "नियम बावीस," मी म्हटलं. "मुदत जवळ आली असल्यास प्रमुख स्वतःच्या अधिकारात लगेच बंद करू शकेल. कर."

"मी प्रमुख नाही ना बाई. अकरा वर्षं प्रभारीच आहे." त्याने टेबलाचा खालचा खण उघडून पिवळा पडलेला कागद काढला. "नव्या प्रमुखाच्या अर्जावर जुन्या प्रमुखाची सही लागते."

"मग घरी यायचं की! सही नसती का केली?"

"आलो होतो. तुम्ही दारातूनच म्हणालात, कार्यालयाचं काम कार्यालयात."

मी कागद ओढला आणि सही ठोकली. अकरा वर्षांनी त्या माणसाला बढती मिळाली, पण चेहरा बघाल तर फाशीला निघाल्यासारखा.

"आता काय?"

"बाई, तुमचं खातं बंद केलं तर प्रिंटर बंद पडेल."

"माझ्या खात्याचा आणि प्रिंटरचा काय संबंध?"

"तुम्ही जाताना तुमचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला होता. तुझं खातं होईपर्यंत चालवून घे म्हणून. प्रभारी माणसाला प्रिंटर जोडता येत नाही, म्हणून चाललंय अजून त्याच्यावरच."

नियम क्रमांक दोन, जाड अक्षरात: पासवर्ड कोणालाही सांगू नये, कागदावर लिहू नये. आणि पासवर्ड काय होता, हेही मला तेव्हाच आठवलं.

मी हळूच विचारलं, "किती जणांना माहीत आहे तो?"

कुलूपकाकाने रांगेकडे पाहिलं. अख्खी रांग एका सुरात म्हणाली, "खारुताई एकशेतेवीस!"

अकरा वर्षं. आमच्या ह्यांनी कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून कानाशी येऊन म्हटलेलं नाव पोरं त्या प्रिंटरला हाक मारायला वापरत होती. खारुताई अडकली. खारुताईला शाई पाजा. खारुताई म्हातारी झाली, आता बदला.

"काढ," मी म्हटलं, "त्या खात्यावरून काय काय छापलं ते."

यादी संपेना. प्रबंध आणि नोकरीचे अर्ज तर होतेच. शिवाय हरवलेल्या मांजराची पत्रकं तीनशे. कोणाच्या तरी आजोबांची वंशावळ. एक प्रेमपत्र, चाळीस प्रती. चाळीस कशाला, हे कुलूपकाकालाही सांगता येईना. एकूण पानं बेचाळीस हजार सहाशे अठरा, सगळी माझ्या नावावर. आणि नियम क्रमांक अकरा: खात्यावरून झालेल्या प्रत्येक गोष्टीस खातेदार जबाबदार.

"प्रिंटर तुझ्या खात्यावर घ्यायला किती वेळ लागेल?"

"उद्या सकाळपर्यंत. आणि आज या मुलांना…"

मी रांगेकडे पाहिलं. सगळी कागदासारखी पांढरी. माझं खातं चालू ठेवायचं तर मुलांचं वर्ष वाचत होतं, बंद करायचं तर माझं. एकोणसत्तराव्या वर्षी 'पुढच्या वर्षी' हे शब्द माणूस जपून वापरतो.

"आधी या सगळ्यांचं छापून होऊ दे," मी म्हटलं. "मग बंद कर. आणि जो कोणी पानाच्या एकाच बाजूला छापेल त्याला मी बघून घेईन."

असं वैतागाचं काम मी आयुष्यात केलं नाही. एकाचं चित्रच पानाबाहेर जात होतं. एकाने आभाराचं पान तीनदा बदललं, कारण मैत्रिणीचं नाव आधी घालायचं की आईचं, हे ठरेना. ("आईचं," मी म्हटलं, "पुढे हो.") उंच मुलगी बाजूला उभी राहून दर दहा पानांनी चापट मारत होती. पाचव्या चापटीला मी तिला म्हटलं, "जरा हळू ग." ती म्हणाली, "आजी, हिला सवय आहे." तीनची गोळी राहूनच गेली.

शेवटचं पान, तेही माझ्याच प्रबंधाचं, निघालं तेव्हा मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून दोन मिनिटं.

मी खुर्चीवर बसले. बंद घड्याळांवर दोन वर्षं घालवली आणि चालू घड्याळाने घात केला.

"बाई, बसताय काय?" कुलूपकाका ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यावर ओरडला. "ते घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. मुलांनी वेळेत निघावं म्हणून तुम्हीच ठेवलं होतं!"

त्याने जुनं खातं बंद केलं. प्रिंटरचा हिरवा दिवा विझला आणि रांगेतली मुलं, कोण जाणे का, प्रिंटरकडे वळून बघू लागली. माझं नवं खातं उघडलं. प्रबंध गेला तेव्हा पडद्यावर चार छप्पन्न होते. उंच मुलीने मला माझी पाण्याची बाटली आणून दिली, थेट लॅबच्या आत, आणि कुलूपकाकाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

घरी मी नातीला फक्त "पाठवला" एवढंच सांगितलं. पाच मिनिटांच्या कामाला तीन तास का लागले, हे तिने विचारलं, पण मला गोळी घ्यायची होती.

चार दिवसांनी विद्यापीठाचं पत्र आलं. नातीने ते मोठ्याने वाचलं. बेचाळीस हजार सहाशे अठरा पानांच्या गैरवापराबद्दल विद्यार्थिनीस पंधरा दिवस लॅबबंदी. परतताना सव्वीसही नियम स्वहस्ते लिहून आणावेत. वयाची किंवा अनुभवाची सबब ऐकून घेतली जाणार नाही.

"शी, किती खाष्ट भाषा आहे," नात म्हणाली. "जुना छापील नमुना दिसतोय, सहीसकट. सहीतलं 'सौ.' सोडलं तर काही वाचताच येत नाहीये. कोण ग ही बाई?"

मी चष्मा लावला. सही पाहिली. चष्मा काढला.

"असेल कोणीतरी," मी म्हटलं. "एव्हाना निवृत्त झाली असेल."