गाडेकर सरांचा ओझोन

गाडेकर सर आमच्याकडं पहिल्यांदा आले ते माझ्या पायजम्याचं इलास्टिक बघायला. ओळख ना पाळख. हर्सूल रोडच्या त्या कॉलनीत मी राहायला येऊन दोनच दिवस झाले होते. दोरीवर वाळत घातलेला माझा पायजमा त्यांनी कमरेकडून ताणला, खिशातून भिंग काढलं आणि निरखून म्हणाले, "चिरा नाहीत. म्हणजे वरचा अजून उतरलेला नाही."

मी महसूल खात्यातला माणूस. मला वाटलं, मुंबईहून कुणी साहेब येणार आहे. दचकून विचारलं, "कोण वरचा?"

"ओझोन," सर म्हणाले, आणि पायजमा पुन्हा दोरीवर टाकून शेजारच्या घराकडं वळले.

सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. त्यांच्या हिशेबी हवा म्हणजे माळा असलेलं घर. मधे झाकण. ओझोनचा मुक्काम माळ्यावर. "वर आहे तोवर राखणदार. उन्हाचा मारा अडवतो. खाली उतरला की दुश्मन, सरळ छातीत शिरतो." पावसाळ्यात मोठे ढग खालचा धूर वर चढवतात आणि फाल्गुन-चैत्रात झाकण सैल होऊन वरचा माल खाली येतो, असं त्यांचं म्हणणं. "देवघेव आहे जाधव, देवघेव!" हे त्यांचं पालुपद. भाजीवालीशी घासाघीस करतानासुद्धा ते हेच म्हणत, आणि ती बिचारी वर बघे.

ताणलेल्या रबराला ओझोन लागला की त्याला आडव्या चिरा पडतात. म्हणून सरांनी व्हरांड्यात एका फळीवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून ठोकल्या होत्या. दर सोमवारी जुन्या काढायच्या, नव्या लावायच्या. ट्यूबा यायच्या पैठण गेटच्या सलीमभाईकडून. तो एकदा वैतागून म्हणाला, "सर, सारे शहर के ट्यूबां तुमीच ले गए. मैं हवा काय में भरूं?"

"हवेचीच तर चौकशी चालू आहे," सर म्हणाले.

आता हा सगळा खटाटोप शास्त्रासाठी, असं कॉलनी समजायची. शास्त्र गेलं चुलीत. खरी गोम होती सरांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या काकूंचा दमा. चैत्राची कोरडी हवा सुटली की त्यांची छाती भात्यागत चालायची. डॉक्टरांनी सांगितलेलं, धूर-धुरळा टाळा, पडून राहा. पण काकू बिडकीनच्या, शेतकऱ्याची लेक. भर दुपारी गच्चीवर कुरडया घालणार, चार घरचे पापड लाटणार. कुणी हटकलं की म्हणायच्या, "दमा मला हाये, मी दम्याला नाय!" सरांनी विनवण्या केल्या, रुसून पाहिलं, दोन दिवस जेवले नाहीत. काकूंनी त्यांच्या वाटणीची भाजी आम्हाला आणून दिली.

मात्र एका गोष्टीपुढं त्या नमत. चैत्रात एके दिवशी सर व्हरांड्यातून ओरडत, "वरचा उतरला!" मग खिडक्या बंद, काकू खाटेवर, आणि आठवडाभर सर स्वयंपाकघरात. त्यांच्या पिठल्यात गुठळ्या इतक्या असत की ते चावून खावं लागे. काकू म्हणत, "लई झालं तुमचं शास्तर," पण पडून राहत. त्या आठवड्यात त्यांचा श्वास जरा थाऱ्यावर यायचा.

एका दुपारी मी वर्तमानपत्र मागायला गेलो. सर घरात घोरत होते. व्हरांड्यात काकू फळीपुढं बसलेल्या आणि हातात दाढीचं ब्लेड! पट्टीवर अलगद चिरा पाडणं चाललं होतं.

"अहो काकू!"

"हळू बोला की भाऊ!" त्या कुजबुजल्या. "जन्मभर कुणी इचारलं नाय ह्यांला. पट्टी चिरली की कसं लेकरागत नाचतेत. आपलं काय जातंय, आठ दिस पडून ऱ्हायला? सांगू नगा बरं."

मी तोंडाला कुलूप लावलं. आठच दिवसांत सरांनी मला बोलावलं, पट्टी पुढं केली, भिंग दिलं. "काय दिसतं?"

"चिरा आहेत की."

"नीट बघा. ओझोनची चीर वेडीवाकडी जाते. ही तर फूटपट्टी धरून रेघ मारल्यासारखी आहे. ब्लेड आहे, जाधव. पहिल्याच वर्षी ओळखलं मी."

"मग ओरडता कशाला?"

"दुसऱ्या कशानं ती खाटेवर पडते का? बोलू नका तिच्यापाशी."

हसावं की डोकं आपटावं, कळेना. पुढं कैक वर्षं दोघांची गुपितं माझ्या एकट्याच्या पोटात. चैत्रात त्यांच्याकडं चहा प्यायचा म्हणजे माझ्या जिवाला घोर. एकाचं दुसऱ्यापाशी बोलून बसलो तर?

मग एका श्रावणात काकू गेल्या. दम्यानं नाही, झोपेतच. सरांना हाक मारायचीसुद्धा त्यांना संधी मिळाली नाही.

त्यानंतर सलीमभाईकडं कुणी ट्यूब आणायला गेलं नाही. फळी शेवटच्या पट्ट्यांसकट तशीच राहिली. सर दिवसभर खुर्चीत बसून असत. मी काही बोललो की "हं" म्हणत. देवघेव हा शब्दच त्यांच्या तोंडातून गेला.

चैत्रात त्यांनी मला हाक मारली. भिंग हातात दिलं. मी पट्टीवर वाकलो. चिरा होत्या. बारीक, आडव्या, वेड्यावाकड्या, एकीसारखी दुसरी नाही.

"सर!" मी मूर्खासारखा ओरडलो, "खरा उतरला की हो! जिंकलात तुम्ही!"

सर नाचले नाहीत. पट्टीवरून बोट फिरवत म्हणाले, "मी दर सोमवारी नवी लावायचो, आणि ती लगेच ब्लेड घेऊन बसायची. रबराला उसंतच दिली नाही आम्ही. जरा थांबली असती, तर आपणहून आला असता."

काहीतरी करायचं म्हणून उठलो आणि खिडकी लावायला गेलो.

"राहू द्या उघडी," सर म्हणाले. "येऊ द्या त्याला. आता घरात जपायचं कुणाला?"

मला त्यांचा भयंकर राग आला. रडूही आलं.

"तुम्हाला," मी म्हणालो, आणि खिडकी लावून घेतली.