खांबाजवळची खरखर

पाटोद्याच्या घरात रेडिओ लावला की दूरच्या केंद्रांऐवजी इन्व्हर्टरची खरखरच ऐकू येते, म्हणून निवृत्त कंडक्टर धुळाजी सानप त्या बुधवारी लिंबागणेशच्या पुढच्या माळावर गेले. मिडियम वेव्हवर देशोदेशीची केंद्रं पकडायची आणि वहीत नोंदवायची, हा त्यांचा छंद. सूर्य बुडाला की ती लागतात. बरोबर रेडिओ, चाळीस मीटर तांब्याची तार आणि चादरीत बांधलेली लाकडी फुलीची एरियल होती. बायको बायनाबाईला त्यांनी सांगितलं होतं, बीडला गुडघ्याच्या डॉक्टरकडे जातो. खरं सांगितलं असतं तर तिनं जाऊ दिलं नसतं. ड्रोन फिरतात, मागून चोर येतात, अशी आवई उठलेली. अनोळखी माणसाला लोक आधी बडवत, मग नाव विचारत.

बाभळींवर तार टाकून धुळाजी बसले. इराणकडचं एक केंद्र लागलं. बाई काहीतरी वाचत होती. त्यांनी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा समोर सात-आठ काठ्या होत्या.

"कुणाशी बोलतोस बे?" पुढच्या दांडग्या तरुणानं विचारलं. त्याचं नाव हनुमान.

"बोलत न्हाई. ऐकतो."

"मग ती बाई कुणाशी बोलायली?"

"सगळ्यांशीच."

उत्तर चुकलं, हे धुळाजींना तोंडातून निघताच कळलं. तोवर हनुमाननं वही उचलून मोबाईलच्या उजेडात वाचायला घेतली होती. "सहा चाळीस, बाप्या बोलतो. सहा पन्नास, दोन बाया. सात, सगळं शांत." त्यानं मागे वळून पाहिलं. "सटवाकाका, कोन कवा झोपतंय ते लिवायलाय ह्यो."

"त्या बाया कोलंबोच्या हायेत," धुळाजी कसेबसे म्हणाले.

म्हाताऱ्या सटवाकाकांनी विचार केला. "आमच्या वस्तीवर कोलंबोची कुणी न्हाई."

"घरी फोन लावा. बायको सांगंल."

हनुमाननं स्पीकर लावून विचारलं, "मावशी, तुमचे मालक कुठं हायेत?"

"बीडला गेलेत, गुडघ्याच्या डॉक्टरकडं. कावून?"

हनुमाननं फोन बंद केला. मागच्या एकानं काठी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली.

सकाळी पोलिसांना बोलवायचं, तोवर ह्याला वस्तीवर बसवायचं ठरलं. हनुमाननं रेडिओ चालूच काखेत मारला. पायवाट वस्तीकडे वळली तसा रेडिओ खरखरू लागला. दहा पावलांवर खरखर वाढली, आणि विजेचा खांब जवळ आला तशी इतकी की काठीवाल्यांतले दोघं मागे सरले.

"बाँब हाय का बे हा?" हनुमाननं रेडिओ अंगापासून लांब धरला.

धुळाजींनी खांबाकडे पाहिलं. खांबाला आधार म्हणून जमिनीत रोवलेल्या ताणाच्या तारेवर धुणं वाळत होतं, आणि सटवाकाकांची नात संस्कृती ते काढायला निघाली होती.

"पोरी, तारंला हात लावू नको," धुळाजी ओरडले. तीस वर्षं गच्च भरलेल्या गाडीत तिकिटं फाडलेला आवाज होता तो. पोर जागच्या जागी थांबली. "खांबावर वीज गळायली. ही खरखर तिचीच हाय. माझं काय करायचं ते मागून करा."

सटवाकाकांनी फोन करून बोलावलेला लाईनमन आला, वीजपुरवठा बंद करून वर चढला आणि खाली उतरून म्हणाला, "इन्सुलेटरची चिनीमातीची वाटी तडकलीय. करंट मधूनमधून ताणात उतरत होता. हात लागला असता तर..." सटवाकाका मटकन मातीत बसले. मग उठून त्यांनी रेडिओ घेतला, उपरण्यानं पुसला आणि धुळाजींच्या हातात दिला. बायनाबाईला फोनही त्यांनीच केला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता त्यांना तिथं एकट्याला बसू देऊ नका."

वस्तीनं तिचा शब्द मानला. दर बुधवारी धुळाजी माळावर पोचले की हनुमानसह पाच जण काठ्या घेऊन राखणीला येतात आणि त्यांच्याभोवती गोल करून बसतात. इराणची बाई बोलू लागली की हनुमान दर वाक्याला विचारतो, "आता काय म्हनली?"

धुळाजींना त्यातलं अक्षर कळत नाही. पण ते एकदा त्या पाच जणांच्या मांडीवरच्या काठ्यांकडे बघतात आणि सांगतात, "तिकडं पाऊसपाणी बरं हाय म्हणाली."