कोकी का बांधेना

क्वारुम्बाने कोकीत मीठ घातलं ते निव्वळ सासूबाईंची अब्रू वाचवायला. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून त्या पोरीबद्दल तुमचा भलताच समज व्हायचा.

क्वारुम्बा पार उत्तरेची, कापसिकी डोंगरातली. ज्वारीचे गोळे आणि अंबाडीच्या पाल्याचं कालवण खाऊन वाढलेली. एयूमशी लग्न करून ती डुआला शहरात, देइदो वस्तीत आली त्याला चार वर्षं झाली होती. ही चारही वर्षं सासूबाईंच्या, म्हणजे एपोसीबाईंच्या स्वयंपाकघरात तिचा हुद्दा एकच होता: पानं धुणारी. एन्डोलेचा कडू पाला दहा पाण्यांतून काढून पिळायचा, केळीची पानं जाळावर धरून मऊ करायची आणि बाजूला व्हायचं. पळीला हात लावायचा नाही. "डोंगरातली आहेस, बघत राहा," असं सासूबाई म्हणायच्या. त्यात राग नसायचा, पण पुढे कधी बोलावणंही नसायचं.

आणि क्वारुम्बा बघायची, अगदी डोळे फाडून बघायची. एकाच परसात इतकं काय काय रांधता येतं यावर तिचा पहिलं वर्षभर विश्वासच बसला नव्हता. तोच कडूजहर पाला शेंगदाण्यात आणि कोळंबीत शिजला की लोक बोटं चाटत. एम्बोंगोचा मसाला जाळून कोळसा करायचा, आणि त्या काळ्याकुट्ट रश्श्यातला मासा असा काही उतरायचा की शेजारपाजारचे उगाच वाडग्यातून काहीतरी परत करायला यायचे. भोपळ्याच्या बियांचा वडा पानात, किसलेलं अळकुडं पानात, आंबवलेल्या कसाव्याच्या बोटाएवढ्या कांड्यासुद्धा पानात. गावाकडे फोन केला की ती आईला सांगायची, अगं, इथे एकेका पानात एकेक गाव बांधलेलं असतं.

पण सगळ्यांवर कडी म्हणजे कोकी. चवळी भिजवून, सालं काढून, पाट्यावर वाटून सासूबाई ती हाताने फेसायला बसत आणि कोमट लाल पाम तेल ओतत. पानांच्या पुरचुंड्या तीन तास वाफेवर. पान उलगडलं की आत पिवळाधमक, थरथरता गोळा, आणि बडबडी माणसंही क्षणभर गप्प होत. हीच चवळी आम्ही नुसती उकडून खातो, या विचाराने क्वारुम्बाच्या डोळ्यांत पहिल्या वेळी खरोखर पाणी आलं होतं.

खोट एकच, त्या कोकीत मीठ नसायचं. सासूबाई दार लावून कोकी फेसत, त्यामुळे तेलाखेरीज त्यात काय पडतं ते कोणी पाहिलेलं नव्हतं. क्वारुम्बाने आपल्या मनाशी हिशेब मांडला, की म्हातारपण, दुसरं काय? दर वेळी विसरतात, आणि धाकामुळे कोणी बोलत नाही. चार वर्षं तिनेही अळणी कोकी मान डोलवत खाल्ली होती.

पण आजचा दिवस वेगळा होता. धाकटी नणंद न्याके हिच्यासाठी बोनेन्डालेचं घराणं दार ठोठावायला येणार होतं, म्हणजे रीतसर मागणी घालायला. चाळीस पाहुणे होते. मुलाची आई खाण्यापिण्यात भलती चोखंदळ, आणि न्याकेने तिकडे तीनदा पाठवलेल्या एन्डोलेवर खूश होऊनच ती या सोयरिकीला राजी झाली होती. परसात सात चुली पेटलेल्या. कोकी फेसता फेसता सासूबाई पुरचुंड्यांखाली रचायचे पानांचे दांडे आणायला उठल्या आणि दार उघडून चार वर्षांत पहिल्यांदा म्हणाल्या, "क्वारुम्बा, इथे बस. माशी बसू देऊ नकोस."

माशी बसली नाही. मीठ पडलं. पाहुण्यांसमोर सासूबाईंचं हसं नको म्हणून तिने तीन मुठी घातलं आणि ढवळून टाकलं. सासूबाई आल्या, बोट बुडवून चाटलं, घटकाभर तिच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बांधा."

तीन तासांनी पहिली पुरचुंडी उघडली तर आतून पिवळं पाणी वाहत थेट थोरल्या दिरांच्या नव्या बुटावर गेलं. दुसरीतही तेच. तिसरी न्याकेने उघडली आणि रडायलाच लागली. थोरले दीर एबोंगे बूट पुसत म्हणाले, "मीठ तर नाही ना पडलं कुणाच्या हातून? कोकीत मीठ पडलं की ती बांधत नाही, घट्टच होत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं."

क्वारुम्बाला ते आत्ता कळत होतं. आज सासूबाईंनी विश्वासाने जवळ बसवलं, आणि आजच हे. कबूल केलं तर जन्मभर पानं धुवायची, आणि नणंदेचं लग्न मोडलं तर ती पानंही कोणी हातात देणार नाही. तिने तोंड उघडलं, पण सासूबाईंनी आधीच हात वर केला होता.

"माझ्या घरात इतकं अडाणी कोणी नाही," एपोसीबाई अगदी शांतपणे म्हणाल्या. "हे मिठाचं काम नव्हे. चुलीजवळ पोटात काहीतरी दडवून कोणी उभं राहिलं की कोकी रुसते. माझी आजी सांगायची. ज्याच्या पोटात असेल त्याने बाहेर काढावं, म्हणजे बाकीच्या पुरचुंड्या तरी बांधतील."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात फोन आला की पाहुणे वुरी नदीच्या पुलावर गर्दीत अडकलेत, अजून तासभर लागेल. एक तास, सात चुली आणि पुरचुंड्यांतून ठिबकणारं ते पिवळं पाणी. माणूस किती वेळ तग धरणार?

आधी एबोंगे ढासळले. बैठकीच्या भिंतीवर बापाचं शर्यतीच्या होडीचं वल्हं टांगलेलं होतं, एपोसीबाई दर रविवारी ते तेल लावून पुसायच्या. ते वल्हं बापाचं नव्हतंच. खरं वल्हं तीन वर्षांपूर्वी एबोंगेंनी मित्राला दाखवायला नेलं आणि मोडलं. भिंतीवर होतं ते बाजारातून आणलेलं. म्हातारीने डोळे मिटले आणि नुसतं "पुढचा" म्हणाली.

पुढचा म्हणजे एयूम, क्वारुम्बाचा नवरा. दर गुरुवारी चर्चच्या गायनाला जाणारा. गायन दोन वर्षांपूर्वीच सुटलं होतं. त्या वेळात तो नाक्यावर बसून भाजलेला मासा खात होता. "तरीच घरी येऊन जेवत नसे, म्हणे देवाच्या गाण्याने पोट भरलंय," क्वारुम्बा पुटपुटली, आणि आपल्या स्वतःच्या पोटातलं आठवून एकदम गप्प झाली.

मग न्याके हुंदके देत उठली. "आई, त्या लोकांना पाठवलेलं एन्डोले मी केलेलं नव्हतं. मला ते जमतच नाही. पहिल्यांदा केलं ते कुत्र्यानेही हुंगून सोडलं. तिन्ही वेळा वहिनीने केलं, तू बाजारात गेल्यावर."

आता सगळ्या माना क्वारुम्बाकडे वळल्या. एपोसीबाई तिच्याकडे एकटक बघत होत्या, आणि त्या नजरेचा अर्थ लावायचं धैर्य क्वारुम्बाला होईना. पानं धुता धुता तिने सगळं चोरून शिकून घेतलं होतं, पाला किती पिळायचा, कोळंबी केव्हा टाकायची. आता एक चोरी उघडी पडलीच आहे, तर दुसरी लपवून काय करायचंय?

"आई," ती कशीबशी म्हणाली, "मीठ मीच घातलं. तीन मुठी. मला वाटलं, तुम्ही विसरता. चार वर्षं मला हेच वाटत होतं."

एबोंगेंच्या हातातलं फडकं खाली पडलं. बापाचं वल्हं आणि गुरुवारचा मासा उगाचच बाहेर आले, हे दोघा भावांच्या एकदमच लक्षात आलं.

"माहीत आहे मला," एपोसीबाई म्हणाल्या. "बोट चाटलं तेव्हाच कळलं."

"मग तुम्ही चढवलीत कशाला?"

"अगं, चाळीस माणसांची कोकी मी एका भांड्याच्या भरवशावर सोडेन का? खरी कोकी सकाळपासून शेजारणीच्या चुलीवर आहे, केव्हाच बांधली. ही जादाची होती. मीठ लागलं जिभेला, म्हटलं आता वायाच गेली आहे, तर बघू तरी या घरातून काय काय बाहेर पडतं. बारा वर्षं विचारतेय मी या लोकांना. एकाने कधी सरळ उत्तर दिलं नाही."

चवळीतून सोनं काढणारी बाई क्वारुम्बाला माहीत होती. खारट पाण्यातून खरं काढणारी ही कोणी वेगळीच होती. पुढे होऊन तिचे पाय धरावेत असं तिला वाटलं.

पाहुणे आले, दार ठोठावलं, जेवले. शेजारणीकडची कोकी उलगडली तेव्हा मुलाची आईसुद्धा गप्प झाली. मग तिने एन्डोले चाखलं, न्याकेकडे बघितलं, आणि हेच का ते, असं विचारलं. न्याकेचा चेहरा पडला. एपोसीबाई पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बाई, खोटं कशाला सांगू? तुमच्याकडे आलं ते माझ्या धाकट्या सुनेच्या हातचं. डोंगरातली आहे. न्याके तिच्याच हाताखाली शिकेल, आणि शिकल्यावरच पाठवू. चालेल?" मुलाच्या आईने दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तेच उत्तर समजायचं. त्या संध्याकाळी कोकी फेसायचं मोठं लाकडी भांडं सासूबाईंनी क्वारुम्बाच्या खाटेखाली सरकवलं.

वर्षभराने, डिसेंबरात, नदीवरच्या शर्यतींच्या दिवशी सगळं घर पुन्हा परसात जमलं. कोकी आता क्वारुम्बाच फेसत होती, दार लावून, आत फक्त ती आणि सासूबाई. बाहेर एबोंगे आले. कामासाठी चार दिवस क्रिबीला गेलो होतो, समुद्राकडे ढुंकूनही बघितलं नाही, असं ते सगळ्यांना फार तपशिलात सांगत होते. नाक उन्हाने सोललेलं होतं.

एपोसीबाईंनी दाराच्या फटीतून थोरल्या लेकाकडे जरा वेळ बघितलं. मग वळल्या, कोनाड्यातला मिठाचा डबा काढला आणि हळूच सुनेपुढे सरकवला.

"छोट्या भांड्यात घाल," त्या म्हणाल्या. "तीन मुठी."