ओव्हाळनानांची अन्ननलिका

ओव्हाळनानांनी ढेकर दिला की आमच्या दूध संस्थेत ठराव मंजूर झाला असं सगळे धरायचे. एकदा चेअरमनच्या भाषणात नानांचा असा काही ढेकर सुटला, की मागं पेंगणारे सभासद दचकून "मंजूर! मंजूर!" ओरडले. काय मंजूर केलं, ते त्यांना घरी गेल्यावरही कळलं नाही.

नाना संस्थेचे सचिव, मी तिथंच दुधाचं फॅट काढणारा. नानांचं पित्त जुनं. जळजळ उठली की छातीवर हात ठेवून म्हणायचे, "आतला गडी पेटला बे." झोपायचेसुद्धा भिंतीला टेकून. त्यांची बायको म्हणायची, "आमच्या मालकाला निजवायचं न्हाई, पोत्यावानी उभं करून ठिवायचं."

गोळ्यांनी भागेना, तेव्हा औरंगाबादच्या डॉक्टरांनी ऑपरेशनचं काढलं. त्याआधी एक तपासणी होती. अन्ननलिकेचे स्नायू घास खाली ढकलतात का, ते बघायचं. नाकातून बारीक नळी आत घालायची, थोडं थोडं पाणी द्यायचं आणि सिस्टर सांगेल तेव्हाच गिळायचं. मधे बोलायचं नाही.

नानांसोबत मी गेलो होतो; ही शेवटची अट ऐकून मलाच घाम फुटला.

नळी आत गेली. नानांनी पहिला घोट गिळला.

"आता थांबा. गिळायचं नाही, बोलायचं नाही," सिस्टर म्हणाली.

"किती येळ?"

"बोलू नका हो!"

"बरं."

"बरंसुद्धा म्हणू नका!"

"न्हाई म्हणत."

सगळं पुन्हा पहिल्यापासून.

समोरच्या पडद्यावर प्रत्येक घोटाला रंग उमटत होते. त्या साली पाऊस नव्हता, जनावरं चारा छावणीत होती, आणि नाना रोज टीव्हीवर हवामानाचा नकाशा बघायचे. पडदा दिसताच नळीसकट खुलले. "लई निळं दिसतंय. पाऊस हाय का?"

सिस्टर भिंतीकडं तोंड करून हसत बसली.

डॉक्टरांनी समजावलं, "लाल दिसायला हवं तिथं निळं आहे. म्हणजे स्नायूंना जोर कमी. ऑपरेशननं खालचं तोंड आवळलं तर घास अडकायचा. नकोच ते."

"म्हंजे हितंबी दुष्काळच," नाना म्हणाले.

गोळ्या चालू, जेवण लवकर आणि चहा बंद, असं ठरलं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी छावणीत दूध गोळा करताना कौसाबाईनं नानांना चहा दिला. कौसाबाई गावातल्या बड्या घरची म्हातारी; त्या साली तिचीही जनावरं छावणीतच होती. मी डोळ्यांनी खुणावत होतो, तरी नानांनी कप रिकामा केला.

बाहेर पडल्यावर मी चिडलो. "नाना, डॉक्टर काय म्हणले?"

नाना थांबले. "माझा बाप ह्यांच्याच दारात चा प्यायचा. करवंटीत. ही तवा नवी सून हुती. वरून वतायला हिलाच लावायचे." छातीवरून हात फिरवत म्हणाले, "आता सोताच्या कपात देती. न्हाई म्हणलो तर तिला वाटंल, ह्यानं मनात ठिवलंय."

संध्याकाळी मी कौसाबाईला गाठलं आणि डॉक्टरांचं तेवढं सांगितलं.

सकाळी तिनं नानांसाठी कप भरला, त्यातलाच अर्धा चहा आपल्या बशीत ओतून घेतला, आणि नानांच्या शेजारी बाजेवर बसून फुंकर मारत प्याली.